वळणांची वंशावळ

नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी सुमारे 20 किलोमीटरांना दोन तासांहून अधिक वेळ घेते. धडधाकट माणूस पायवाटेने साधारण तेवढ्याच वेळात वर पोचतो. तरी लोक तिच्या तिकिटासाठी रांगा लावतात. डोंगरातल्या या संथ गाड्यांच्या ओढीचा उगम शोधत गेले, की तो निसर्गप्रेमात सापडत नाही. तो सापडतो हिशेबाच्या वहीत.

डोंगरात रूळ न्यायचे तर डोंगर फोडावा लागतो, नाहीतर त्याच्या अंगाअंगाने जावे लागते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने बोरघाटात फोडण्याचा मार्ग घेतला. हजारो मजूर राबले, बोगद्यांमागून बोगदे खणले गेले आणि 1863 मध्ये गाडी घाट चढू लागली. मुंबईचे बंदर दख्खनच्या कापसाला जोडायचे होते, म्हणून तो खर्च परवडला. जिथे एवढा पैसा नव्हता तिथे डोंगराशी जुळवून घेण्यावाचून इलाज नव्हता.

हे जुळवून घेणे वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणींनी आधी करून दाखवले. फेस्टिनिओगचा लोहमार्ग 1836 मध्ये सुरू झाला. रुळांमधले अंतर दोन फुटांना जरासे कमी. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपोआप समुद्राकडे घरंगळत, रिकाम्या वाघिणी घोडे वर ओढून आणत. रूळ अरुंद ठेवले की वळण घट्ट घेता येते, आणि वळण घट्ट घेता आले की बोगदा, भराव, पूल यांचा खर्च वाचतो. 1863 मध्ये तिथे वाफेची इंजिने आली आणि एवढ्याशा रुळांवर इंजिन चालते हे जगाला दिसले.

हेच गणित दार्जिलिंगला पोचले. सिलिगुडीहून वर जाणाऱ्या गाडीरस्त्यावर बैलगाड्यांची वाहतूक इतकी महाग होती, की वर तांदूळ दुपटीहून जास्त भावाने विकला जाई. ईस्टर्न बेंगॉल रेल्वेचे फ्रँकलिन प्रेस्टेज यांनी ही तफावत हेरली. त्यांनी दोन फुटी रूळ त्याच रस्त्याच्या कडेने टाकले, त्यामुळे मार्गासाठी वेगळा डोंगर फोडण्याचा प्रश्नच आला नाही. 1881 मध्ये गाडी दार्जिलिंगला पोचली. जिथे वळायलाही जागा नव्हती तिथे गाडी पुढे जाते, थांबते, उलटी मागे चढते आणि पुन्हा पुढे निघते. काही ठिकाणी रूळ स्वतःभोवतीच फेरी घेऊन वर येतात. आज प्रवासी ज्या फेऱ्यांचे फोटो काढतात, त्या पैसा वाचवण्यासाठी आखल्या होत्या. दुकानाच्या पायरीला खेटून जाणारी गाडी, हात लांबवला तर लागेल असे झाड, खिडकीतून दिसणारे आपल्याच गाडीचे इंजिन, हे सगळे त्या काटकसरीने दिलेले आहे. बोगद्यांनी सरळ केलेल्या मार्गावर यातले काहीच उरले नसते.

निव्वळ सहलीसाठी डोंगरावर गाडी न्यायची कल्पना वेगळ्या घराण्यातली. अमेरिकेत माउंट वॉशिंग्टनवर 1869 मध्ये आणि स्वित्झर्लंडच्या रीगी पर्वतावर 1871 मध्ये दातेरी रुळांच्या गाड्या सुरू झाल्या. वर ना खाण होती ना बाजार. लोक शिखर बघायला पैसे मोजतील, एवढाच भरवसा होता.

माथेरानला ही दोन्ही घराणी एकत्र येतात. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये हा डोंगर चढून गेले, मग मुंबईच्या साहेबांचे आणि शेठियांचे बंगले उठले. पण नेरळ स्टेशनापासून वर जायला घोडा किंवा डोली. सैन्याला तंबू पुरवून श्रीमंत झालेले सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ही अडचण सोडवायची ठरवली. पैसा वडिलांचा, 16 लाख रुपये. सल्लागार एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी आधी बार्शी लाइट रेल्वे उभी केली होती. 1904 मध्ये काम सुरू झाले, 1907 मध्ये गाडी धावली. राजधानी नाही, छावणी नाही, चहाचे मळे नाहीत. मुंबईकराला थंड हवेत पोचवायचे, एवढ्यासाठी एका व्यापारी कुटुंबाने केलेला हा खर्च मला फार मोठा वाटतो.

वीस फुटांना एक फूट चढ आणि एकापाठोपाठ एक वळणे. त्यासाठी जर्मनीतल्या ओरेनश्टाइन अँड कोपेलकडून चार खास इंजिने आली. पुढच्या आणि मागच्या चाकांचा आस पोकळ, त्यात दुसरा भरीव आस. म्हणून वळणावर चाके थोडी तिरपी होऊन रूळ धरत. वॉटर पाइप स्टेशनात ती पाणी घेत.

वाफेच्या इंजिनात चढ ऐकू येतो. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार फुत्कार. चढ वाढला की ते अंतराअंतराने आणि जड पडतात. चाक घसरले की एकदम धावत सुटतात. दार्जिलिंगला तर इंजिनाच्या पुढ्यात माणसे बसून रुळांवर वाळू टाकत. प्रवाशाला डोंगर दिसतो आणि त्यावर खर्ची पडणारी मेहनतही कळते. डिझेल इंजिन चढावर असो की सपाटीवर, त्याची घरघर फारशी बदलत नाही.

1950च्या दशकात माथेरानच्या मार्गावर डिझेल आले, 1982 मध्ये वाफ थांबली. त्या चारांपैकी एक इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, एक इंग्लंडमध्ये. अलीकडे डिझेल इंजिनालाच वाफेच्या इंजिनाचे रूप देऊन वर पाठवले जाते. ते मला पटत नाही. धुराड्याच्या आकाराने चढ ऐकू येत नाही.

आणि खरे इंजिन बनवणे अशक्यही नाही. निलगिरीच्या दातेरी मार्गासाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने याच शतकात नवी, तेलावर चालणारी वाफेची इंजिने बांधली आहेत. कोळशाच्या ठिणग्यांनी माथेरानच्या वाळलेल्या रानाला धोका, ही शंका रास्त आहे. तेल जाळले तर ती बरीच कमी होते. दोन फुटी रुळांसाठी, वळणावर तिरप्या होणाऱ्या चाकांचे एक इंजिन त्याच कारखान्याकडून नेरळसाठी मागवायला हवे.