पदवीची प्रबंधिका आणि एका गावाची बोली

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास (२०२०) अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली जो अभ्यासक्रम-आराखडा प्रसिद्ध केला, त्यात चौथ्या वर्षी संशोधनाची वाट धरणाऱ्या विद्यार्थ्यास १२ श्रेयांकांची प्रबंधिका लिहावयाची आहे. भाषाविज्ञानाचा विद्यार्थी अशा वेळी बहुधा ‘मराठीच्या बोलींचा तौलनिक अभ्यास’ असा अवाढव्य विषय सुचवितो. बोली-अभ्यासाचा इतिहास मात्र नेमका उलट दिशेने गेलेला आहे.

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. उधळ्या पुत्राची एकच कथा ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घ्यावयाची, ही त्याची मुख्य रीत. कोळी व आगरी या बोली त्यात कोकणच्या प्रमाण मराठीच्या गटात येतात. पण अनुवादित कथा म्हणजे संभाषण नव्हे. शिवाय बोलणारा कोण, हे तीतून कळत नाही. पुढे प्राकृताचे व्यासंगी अ. मा. घाटगे यांनी ‘कुडाळी’ (१९६५) आणि ‘महाडची कुणबी’ (१९६६) या ग्रंथांत क्षेत्र आवळून घेतले आणि एकेका बोलीचे ध्वनी, व्याकरण, उतारे व शब्दसंग्रह स्वतंत्रपणे मांडले.

याच सुमारास अमेरिकेत विल्यम लबॉव्ह यांनी मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर ६९ मूळ रहिवाशांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले व दोन संयुक्त स्वरांच्या उच्चाराचा शोध घेतला. हे काम एम.ए.च्या निबंधाचे, १९६३ साली ते लेखरूपाने प्रसिद्ध झाले. बेटाशी निष्ठा बाळगणाऱ्यांत, विशेषतः चिलमार्कच्या मच्छीमारांत, जुन्या वळणाचा उच्चार बळावत होता. विद्यार्थ्याच्या निबंधाने एका नव्या शाखेचा पाया घातला, आणि तोही दोन स्वरांवर!

उरणजवळचे करंजा या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. उरण हा पूर्वी पनवेल तालुक्याचाच पोटविभाग होता. करंजा हे मच्छीमारांचे गाव, समोर खाडीपलीकडे रेवस. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, आणि जानेवारी २०२४ मध्ये उरणची रेल्वे व शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू. समुद्रावर जाणारा आणि बंदरात नोकरी करणारा, हे दोघे एकाच घरात असू शकतात. या किनाऱ्यावरील आगरी-कोळी बोलण्यात ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ड’चा ‘र’ होतो : शाळा ती ‘शाला’, होडी ती ‘होरी’. हे उच्चार कोण टिकवितो, कोण टाकतो आणि कोणापुढे टाकतो? एवढा प्रश्न प्रबंधिकेस पुष्कळ झाला.

स्त्री व पुरुष, दोन पिढ्या, दोन प्रकारचे व्यवसाय आणि प्रत्येक गटात दोन माणसे, अशा सोळा मुलाखती एका वर्षात झेपतात. मात्र शब्दांची यादी पुढे ठेवून उच्चार विचारू नयेत. यादी दिसली की माणूस शाळेतली मराठी बोलू लागतो. जाळी, होडी, वादळ यांविषयी मोकळेपणाने बोलू द्यावे. हवे ते ध्वनी या शब्दांतून आपोआप येतात. (‘मासळी’ या शब्दाची वाट पाहू नये, तेथे ‘म्हावरं’च ऐकू येईल.) मासे विकणाऱ्या बाईचे गिऱ्हाइकाशी होणारे बोलणे आणि तिचे घरातले बोलणे, दोन्ही तिच्या संमतीने नोंदवावीत. विद्यार्थी त्याच गावचा असेल तर उत्तमच. पण शाळेत ‘शाला’ म्हटल्याबद्दल हसे झालेला मुलगा घरच्यांचे उच्चार नकळत दुरुस्त करून लिहून घेतो. म्हणून मार्गदर्शकाने लेखी नोंद मूळ ध्वनिमुद्रणाशी स्वतः ताडून पाहावी.