घरची भाषा आणि लेखणीची भाषा

वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपण भाषेस प्रमाण मानतो. त्या भाषेत जे लिहिले गेले ते आत, उरलेले बाहेर. ही सीमा सोयीची असली, तरी ज्या समाजात घरात एक भाषा बोलली जाते आणि लेखणी दुसऱ्याच भाषेत चालते, त्याचे वाङ्मय या सीमेमुळे अर्धेच दिसते. कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटाचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कारण त्याच्या प्रकाशात छत्तीसगडातील मराठीचाही एक अलक्षित इतिहास स्पष्ट होतो.

१८४५ च्या मे महिन्यात 'फातेल रझाक' हे जहाज हिंदी मजुरांना घेऊन त्रिनिदादच्या किनाऱ्यास लागले. तेव्हापासून १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसे तेथे गेली. बहुतेक जहाजे कलकत्त्याहून आणि काही मद्रासहून सुटली; म्हणून बेटावर भोजपुरी रुजली. कोकणातले मराठी मजूर मुंबई बंदरातून गेले ते मुख्यतः मॉरिशसला. कोणत्या बेटावर कोणती भाषा नांदावी, हे असे बंदरांनी ठरविले.

या मजुरांचा दिवस गिरमिटाने बांधलेला असे. पाच वर्षांचा करार, दिवसाला २५ सेंट मजुरी, परवान्यावाचून मळ्याबाहेर पाऊल टाकण्यास मनाई. राहावयास बराकीतील एकेक खोली. दोन खोल्यांमधील आडभिंत छपरापर्यंतही पोचत नसे. लेखनास जो एकांत लागतो, तो या व्यवस्थेत मुळातच नव्हता. श्रवणास मात्र अंगण पुरते. म्हणून संध्याकाळी तुलसी रामायणाचे पठण होई, लग्नकार्यात बायका गात, आणि दसऱ्याच्या सुमारास रामलीला उभी राही. डेरेक वॉल्कॉट यांनी १९९२ मधील आपल्या नोबेल व्याख्यानाचा आरंभ त्रिनिदादमधील फेलिसिटी या गावच्या रामलीलेनेच केला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

लेखणी आली ती दुसऱ्या वाटेने. १८६८ पासून जॉन मॉर्टन या कॅनडातील मिशनऱ्याने हिंदी मजुरांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. नोकरी, न्यायालय आणि वर्तमानपत्र यांची भाषा इंग्रजी होती. शिकलेल्याची लेखणी साहजिकच तिकडे वळली. सीपरसाद नायपॉल हे १९२९ पासून 'त्रिनिदाद गार्डियन'साठी लिहू लागले आणि १९४३ मध्ये त्यांच्या 'गुरुदेव'कथा प्रसिद्ध झाल्या. या कथांतील खेडे हिंदी आहे, लिपी रोमन. त्यांचे पुत्र व्ही. एस. नायपॉल यांनी 'ए हाउस फॉर मिस्टर बिस्वास' (१९६१) या कादंबरीत एक सूक्ष्म तोड काढली. पात्रे हिंदीत बोलतात तेव्हा त्यांचे संवाद शुद्ध इंग्रजीत येतात, इंग्रजीत बोलतात तेव्हा बेटाच्या मोडक्या बोलीत. घरच्या भाषेची प्रतिष्ठा परभाषेच्या शुद्धतेत राखण्याचा हा प्रकार केवळ शैलीचा विषय नव्हे. तो एका समाजाच्या वाट्याला आलेल्या विभागणीचा दाखला आहे.

मॉरिशसमधील मराठी घरांत कोकणची जाखडी आणि गणेशोत्सव टिकले. शिक्षण आणि व्यवहार मात्र इंग्रजी-फ्रेंचमध्ये चालले. तेथेही अंगणाने जे जपले ते पुस्तकापर्यंत क्वचितच पोचले.

आता छत्तीसगडाकडे वळू. अठराव्या शतकाच्या मध्यास हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आला आणि मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक निघाले. ते चालविणारे माधवराव सप्रे, रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे हे तिघेही मराठी घरांतले. सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' (१९०१) ही हिंदीतील आरंभीच्या कथांपैकी एक मानली जाते. 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हे ग्रंथ हिंदीत नेले तेही त्यांनीच. त्रिनिदादच्या लेखकावर परभाषा परिस्थितीने लादली. सप्रे यांनी ती आपण होऊन पत्करली, आणि स्वभाषेचा ठेवा तिच्यात नेला. हा भेद मोठा आहे. तरीही मराठी वाङ्मयेतिहासाच्या रूढ चौकटीत सप्रे बसत नाहीत, कारण चौकट भाषेची आहे, जीवनाची नाही.

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नव्हे. भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला आणि १९५९ मध्ये तेथील पहिली झोतभट्टी पेटली. त्याभोवतीच्या वसाहतीत नाना प्रांतांची माणसे आली, मराठीही आली. अशा घरातील मूल आजीची ओवी ऐकते आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजी गिरविते. उद्या त्याने हिंदीत कथा लिहिली आणि तिच्या लयीत ती ओवी उमटली, तर मराठी समीक्षेने तिच्याकडे परकी म्हणून पाहावे काय? तिला मराठी ठरविण्याचा अट्टहास नको; परंतु तिच्यातील मराठी ओळखण्याचे सामर्थ्य समीक्षेने कमावले पाहिजे. त्यासाठी समीक्षकाने पुस्तकाबरोबर अंगणही वाचावयास शिकले पाहिजे.