असई

असई : महाराष्ट्र राज्याच्या जालना जिल्ह्यातील इतिहासप्रसिद्ध खेडे. ते भोकरदनच्या पूर्वेस, केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात जुईच्या काठी वसले आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेकडील हा प्रदेश दख्खनच्या काळ्या कातळाचा व काळ्या मातीचा असून कापूस, ज्वारी, बाजरी ही येथील जुनी पिके होत. जुई पुढे केळणेस मिळते व केळणा पूर्णेस. नद्या लहान असल्या, तरी त्यांचे काठ उंच व खचलेले असल्याने उताराच्या जागा मोजक्याच आहेत. गावाच्या इतिहासाला कलाटणी दिली ती या भूरचनेने.

वसईच्या तहामुळे (१८०२) पेशवा इंग्रजांच्या आश्रयास गेला आणि दौलतराव शिंदे व नागपूरचे रघूजी भोसले यांचे इंग्रजांशी युद्ध जुंपले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी त्यांच्या फौजा केळणेच्या उत्तरतीरी असताना आर्थर वेलस्ली, कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीची वाट न पाहता, चालून आला. नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले होते. परंतु समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव व वरूड ही दोन गावे त्याला दिसली. त्यांच्यात ये-जा असणारच, म्हणजे उतारही असणार, असा तर्क त्याने केला व तो खरा ठरला. मराठ्यांच्या कवायती पलटणींचा जर्मन सेनानी पोलमन याने मोर्चा तत्परतेने फिरविला. आता आघाडीचे एक टोक केळणेला, तर दुसरे असईला भिडले. गावाभोवतीच्या तोफांनी ७४ व्या हायलँडर्स पलटणीची दाणादाण उडविली. तिला घोडदळाने वाचविले. इंग्रजांकडील मृत, जखमी व बेपत्ता मिळून सु. १,६०० होते. त्यांत मद्रास लष्करातील हिंदी शिपाई पुष्कळ होते, हे इंग्रजी वर्णनांत बरेचदा झाकले जाते. मराठ्यांच्या ९८ तोफा शत्रूच्या हाती पडल्या. गोलंदाज मात्र तोफांपाशीच लढत पडले.  हायलँडर्सच्या निशाणावर पुढे हत्ती व ‘असई’ ही अक्षरे आली. वॉटर्लूच्या विजेत्याने आपली सर्वोत्तम लढाई म्हणून असईचाच निर्देश केल्याचे सांगतात.

सुर्जी-अंजनगावच्या तहाने (३० डिसेंबर १८०३) अजिंठा डोंगराच्या दक्षिणेकडील मुलूख शिंद्यांनी गमावला व तो निजामाकडे गेला. असई, धावडा इ. भोकरदन परिसरातील गावे त्यानंतर सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. बोली मराठी, पण राज्यकारभाराची भाषा प्रथम फार्सी व नंतर उर्दू, अशी येथील स्थिती होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. घरातील व शेतातील मराठीला कचेरीत स्थान मिळण्यास त्यामुळे दीर्घ काळ लागला. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९८१ मध्ये औरंगाबादमधून जालना जिल्हा वेगळा झाला. रणभूमीवर आता शेती आहे.