काडतूस पुनर्भरण

काडतूस पुनर्भरण : झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी मूळ मापास आणून आणि तिच्यात नवी टोपी, दारू व गोळी बसवून पुन्हा वापरण्याजोगे काडतूस तयार करण्याची क्रिया. रायफलीच्या काडतुसाचे पुंगळी, आघाताने पेटणारी टोपी, दारू व गोळी असे चार घटक असतात. बार उडाल्यावर दारू जळून जाते, गोळी निघून जाते व टोपी निकामी होते. पुंगळी तेवढी शिल्लक राहते. चारही घटकांत सामान्यतः तीच सर्वांत महाग असल्याने तिच्या पुनर्वापराची प्रथा धातूच्या काडतुसांइतकीच जुनी आहे. मात्र प्रत्येक बारागणिक पुंगळीचा धातू बदलत जातो. हा बदल ओळखण्यावरच पुनर्भरणाची सुरक्षितता अवलंबून असते.

पुंगळीचे कार्य : ठासणीच्या बंदुकीत मोजलेली दारू व गोळी कागदात गुंडाळून वापरीत. शिपाई कागद दातांनी फाडून दारू नळीत ओतीत असे. एन्फील्ड रायफलीच्या अशाच काडतुसांच्या कागदास लावलेल्या चरबीच्या वंगणामुळे १८५७ मध्ये भारतात असंतोषाचा भडका उडाला. नळीच्या मागील बाजूने भरावयाच्या बंदुकींत निराळीच अडचण होती. मागचा सांधा कितीही घट्ट असला, तरी त्यातून तप्त वायू निसटत. ही अडचण धातूच्या पुंगळीने दूर केली. बार उडताच वायूच्या दाबाने पुंगळी फुगून नळीच्या भिंतीस चिकटते व मागे जाणारी वाट बंद करते. दाब ओसरताच ती किंचित आक्रसते आणि सहज बाहेर काढता येते. यासाठी तिचे बूड कठीण व मान मऊ असावी लागते. सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेल्या पितळात हे दोन्ही गुण साधता येतात. हे पितळ थंड स्थितीत ओढले असता कठीण होते व तापविले असता पुन्हा मऊ पडते.

इतिहास : स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर जॉन फोर्सिथ यांनी आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा बंदुकीत उपयोग करण्याचे एकस्व १८०७ मध्ये मिळविले. झां सॅम्युएल पॉली या स्विस कारागिराने १८१२ मध्ये पॅरिस येथे दारू, गोळी व प्रज्वलक एकत्र असलेल्या काडतुसाचे एकस्व घेतले. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) हेन्री व स्पेन्सर रायफलींसाठी तांब्याची काडतुसे वापरात आली. त्यांतील आघाती रसायन बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असे. घोड्याच्या आघाताने ही कड चेपली जाई. त्यामुळे अशी पुंगळी पुन्हा भरणे व्यवहार्य नव्हते.

पुनर्भरणाचा मार्ग १८६६ मध्ये खुला झाला. त्या वर्षी अमेरिकेत हायरम बर्डन व इंग्लंडमध्ये वुलिच येथील रॉयल लॅबोरेटरीचे अधीक्षक एडवर्ड बॉक्सर यांनी बुडाच्या मध्यभागी स्वतंत्र टोपी बसविण्याच्या दोन निरनिराळ्या पद्धती पुढे आणल्या. बर्डन पद्धतीत रसायन ज्यावर चिरडले जाते ती ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि तिच्या दोन बाजूंस दोन बारीक ज्वालाछिद्रे असतात. बॉक्सर पद्धतीत ऐरण टोपीतच बसविलेली असते आणि ज्वालाछिद्र एकच व मध्यभागी असते. पुढे अमेरिकन शोधकाची पद्धत यूरोपात रूढ झाली व इंग्रज शोधकाची अमेरिकेत. पुनर्भरणाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरला. मध्यछिद्रातून एक सुई खाली रेटली की बॉक्सर पद्धतीची जुनी टोपी सरळ गळून पडते. त्यामुळे टोपी काढणे व पुंगळी मापास आणणे ही दोन्ही कामे एकाच साच्यात, एकाच दाबासरशी होतात. यांत्रिक पुनर्भरणाचा विस्तार मुख्यतः अमेरिकेत झाला, याचे हे एक महत्त्वाचे कारण होय.

बॉक्सर यांची मूळ पुंगळी पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून व तिला लोखंडी बूड जोडून केलेली होती. मार्टिनी-हेन्री रायफलीत ती तापून अडकत असे. सूदानमधील अबू क्ली येथील लढाईत (जानेवारी १८८५) हा दोष प्रकर्षाने जाणवला. पुढे एकसंध पितळातून ओढून काढलेल्या पुंगळ्यांनी या गुंडाळी पुंगळ्यांची जागा घेतली.

अमेरिकेच्या पश्चिम मैदानांतील गव्यांचे शिकारी आपली काडतुसे तळावरच भरून घेत. १८७० नंतरच्या दशकात बंदुका तयार करणाऱ्या कंपन्या रायफलीबरोबर पुनर्भरणाची हत्यारेही विकू लागल्या. अमेरिकन लष्करानेही नेमबाजीच्या सरावासाठी पुनर्भरणाचा अवलंब केला. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे आयडियल कंपनी स्थापन केली. तिची चिमट्यासारखी हातहत्यारे दीर्घकाळ लोकप्रिय होती.

धातूची दुखणी : फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी १८८४ मध्ये निर्धूम दारू तयार केली. तिच्यामुळे काडतुसातील दाब वाढला, तसेच एक अनपेक्षित दोषही उघडकीस आला. टोप्यांमध्ये पाऱ्याचे फल्मिनेट असे. काळ्या दारूच्या भरपूर काजळीत त्यातील पारा विखुरला जाई. निर्धूम दारूत काजळी अल्प असल्याने तो पितळास भिडे व पुंगळी ठिसूळ होई. पारा वगळून पोटॅशियम क्लोरेटाच्या टोप्या वापरल्या, तेव्हा पुंगळी वाचली, पण मागे राहणाऱ्या क्षारामुळे नळी गंजू लागली. १९२० नंतरच्या दशकात शिशाच्या स्टिफ्नेटावर आधारलेल्या टोप्या प्रचारात येऊ लागल्यावर हे दोन्ही दोष दूर झाले.

दुसरा दोष भारतात आढळला. पावसाळ्यात ब्रिटिश सैन्याच्या हालचाली मंदावत आणि दारूगोळा तबेल्यांत साठवून ठेवीत. पावसाळा संपल्यावर अनेक न वापरलेली काडतुसेच तडकलेली दिसत. गोळीभोवती आवळलेल्या मानेवर या भेगा विशेष आढळत. यास ‘ऋतुभंजन’ असे म्हणता येईल. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये याची मीमांसा केली. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि थंड स्थितीत ओढलेल्या पितळात शिल्लक राहिलेला ताण या दोहोंच्या संयोगाने धातू तडकत होता. मान तापवून अनुशीतन केले की हा ताण निघून जातो. वारंवार भरल्याने कडक झालेल्या पुंगळीस पुन्हा मऊपणा आणण्यासाठी पुनर्भरण करणारे हाच उपाय योजतात.

क्रमिक दाबयंत्र : साध्या दाबयंत्रात एका वेळी एकच साचा बसतो व प्रत्येक क्रियेसाठी पुंगळी पुन्हा हाताळावी लागते. क्रमिक यंत्रात अनेक पुंगळ्या एका फिरत्या तबकडीवर बसतात व त्यांच्या डोक्यावर क्रमवार साचे असतात. दांडा एकदा ओढला की प्रत्येक पुंगळीवर निरनिराळी क्रिया होते. नंतर तबकडी एक घर पुढे सरकते. सर्व घरे भरल्यावर दांड्याच्या प्रत्येक फेरीस एक तयार काडतूस बाहेर पडते. सॅन डिएगो येथील स्टार यंत्रे पिस्तुलाच्या काडतुसांसाठी १९३० नंतरच्या दशकात वापरात होती. १९७० ते १९९० या काळात ॲरिझोनातील माइक डिलन यांच्या यंत्रांमुळे ही पद्धत सामान्य नेमबाजांपर्यंत पोहोचली.

पिस्तुलाची सरळ पुंगळी अशा यंत्रावर एकाच फेऱ्यात भरता येते. रायफलीच्या पुंगळीस मात्र खांदा व अरुंद मान असते. ती बाराच्या वेळी व साच्यात दाबताना लांबत जाते. म्हणून रायफलीचे काम बहुधा दोन फेऱ्यांत करतात. पहिल्या फेऱ्यात पुंगळीस वंगण लावून टोपी काढणे, मापास आणणे व वाढलेली मान छाटणे ही कामे होतात. लष्करी पुंगळीत टोपीभोवतीची कड आवळलेली असते; ती सारखी केल्याशिवाय नवी टोपी नीट बसत नाही. वंगण पुसून काढल्यावर दुसऱ्या फेऱ्यात टोपी, दारू व गोळी बसवितात. यंत्र जुळविताना सर्व घरे एकदम न भरता एकच पुंगळी घेऊन प्रत्येक साचा क्रमाने लावतात आणि दर टप्प्यास मापीने तपासतात.

मापास आणणाऱ्या साच्याची जुळवणी सर्वांत नाजूक असते. पुंगळीचा खांदा किंचितच मागे सरकवावा लागतो. तो अधिक सरकल्यास बाराच्या वेळी पुंगळीस मागेपुढे जास्त जागा मिळते आणि बुडाच्या जरा वर तिची भिंत ताणून पातळ होते. बाहेरून दिसणारी चकचकीत कडी ही या झिजेची खूण होय. टोक वाकविलेल्या तारेने आतली खाच चाचपताही येते. अशी पुंगळी पुन्हा भरल्यास बूड तुटून उच्च दाबाचा वायू मागे येण्याचा व नेमबाजाच्या डोळ्यांस इजा होण्याचा धोका असतो. दारूचे यांत्रिक माप आकारमानावर चालते. लांब कणांची दारू नळीत अडकल्यास एका पुंगळीत ती कमी पडू शकते. म्हणून अधूनमधून वजन करून पाहणे आवश्यक असते. यंत्राने हाताचे श्रम वाचविले असले, तरी पुंगळी टाकून केव्हा द्यावी याचा निर्णय अद्याप माणसाच्या डोळ्यावर व बोटांवरच सोपविलेला आहे.

भारत : पुण्याजवळ खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. २०२१ पासून तो म्यूनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. भारतात दारूगोळा तयार करणे हे १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्याच्या कक्षेत येते. त्यामुळे अमेरिकेप्रमाणे पुनर्भरण हा येथे घरगुती छंद झालेला नाही. तथापि पितळी पुंगळीच्या ज्ञानात भारतीय पावसाळ्याने घातलेली भर धातुविज्ञानात आजही महत्त्वाची मानली जाते : ताण व रासायनिक परिसर यांच्या एकत्रित परिणामाने धातू तडकण्याचे ते एक आद्य व सुपरिचित उदाहरण होय.