किंग, कॅरोल

(९ फेब्रुवारी १९४२ – ). अमेरिकन संगीतकार, गीतकार, पियानोवादक व गायिका. मूळ नाव कॅरोल जोन क्लाइन. जन्म न्यूयॉर्क शहरात. कारकिर्दीच्या आरंभी ब्रॉडवेवरील संगीत-प्रकाशकासाठी त्या चाली बांधीत. शब्द पती गेरी गॉफिन यांचे आणि आवाज इतरांचे. त्यांचे ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ शिरेल्स या कृष्णवर्णीय गायिकांच्या गटाने १९६१ मध्ये बिलबोर्डच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत अग्रस्थानी नेले. ‘टॅपेस्ट्री’ (१९७१) या संग्रहात मात्र त्या स्वतः पियानोवर बसून स्वतःची गाणी गायल्या. कसलाही नखरा नसलेला तो आवाज हेच या संग्रहाचे खरे बळ. हा संग्रह १५ आठवडे अग्रस्थानी राहिला. वर्षातील सर्वोत्तम गीताचे ग्रॅमी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री (१९७२). रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांना गॉफिनसह १९९० मध्ये गीतरचनेसाठी गौरवले. गायिका म्हणून त्यांची निवड २०२१ मध्ये, फार उशिरा झाली.