तेर (प्राचीन तगर)

धाराशिव जिल्ह्यातील व तालुक्यातील पुरातत्त्वीय गाव. मांजरेला मिळणाऱ्या तेरणा नदीच्या काठी वसलेले. लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला, त्याआधी लातूर व तेर एकाच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात होती. जुन्या ताम्रपटांतही ही दोन्ही नावे सारख्याच थाटात येतात : राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, तर शिलाहार ‘तगरपुरवराधीश्वर’.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. साधे कापड व मलमल येथून गाड्यांत भरून भडोचला जाई. हे तगर म्हणजे जुन्नर, दौलताबाद की धारूर, हा वाद बरीच वर्षे चालला. पुराभिलेखज्ञ फ्लीट यांनी १९०१ मध्ये तेरचे नाव पुढे केल्यावर तो बहुतांशी मिटला. येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाँपेईत मिळालेल्या मूर्तीशी विलक्षण जुळते, तेव्हा व्यापार कुठवर पोचला होता हे निराळे सांगायला नको.

गावाभोवती पांढरीची टेकाडे आहेत. त्यांत १९५८ पासून वेळोवेळी उत्खनने झाली. सर्वांत मोलाचा शोध विटांच्या स्तूपाचा. त्याचा पाया चाकासारखा असून मधल्या तुंब्यापासून आऱ्यांसारख्या भिंती निघतात व आऱ्यांमधील पोकळी भरावाने भरलेली असते. अशी बांधणी आंध्रातील नागार्जुनकोंड्याला आढळते. अमरावती शैलीशी नाते सांगणारे चुनखडीचे शिल्पखंडही तेरला मिळाले आहेत. बौद्ध धर्म म्हटला की आपली नजर अजिंठ्याकडे, सह्याद्रीतील लेण्यांकडे जाते. तेरचा धागा मात्र पूर्वेकडे, आंध्राकडे जातो. कोरायला डोंगर हाताशी नव्हता, म्हणून इथल्या भिक्षूंनी व दात्यांनी काळ्या रानात वीट रचली. लेणे टिकते, वीट गावकरी घराला नेतात. मराठवाड्याच्या सपाट भागात बौद्ध अवशेष विरळ दिसतात, त्याला हेही एक कारण असावे.

गावातील त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे. मागची बाजू अर्धगोल आणि छप्पर हत्तीच्या पाठीसारखे. पुरातत्त्वज्ञ कझेन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा मूळचा बौद्ध चैत्य ठरवला आणि पुढे तेच मत रूढ झाले. ते जरा सावधपणेच घ्यावे. गजपृष्ठाकार बांधणी एकट्या बौद्धांची नव्हती. आंध्रातील चेजर्ला येथील कपोतेश्वराचे मंदिरही याच घडणीचे आहे आणि त्याच्याही मूळ धर्माबद्दल मतभेद आहेत. तेरमधील बौद्ध वस्तीचा निःशंक पुरावा हवा असेल तर तो टेकाडातल्या स्तूपात आहे, देवळाच्या आकारात नाही. उत्तरेश्वराचे मंदिरही विटांचेच. त्याची कोरीव लाकडी चौकट प्रसिद्ध आहे. पुढे याच मुलखात औसा तालुक्यातील खरोसा येथे जांभ्यात लेणी कोरली गेली, पण ती मुख्यतः शैव-वैष्णव.

संत गोरा कुंभार याच गावचे. लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय येथे असून मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती व नाणी तेथे पाहता येतात. त्रिविक्रम मंदिर पाहताना दारातून परतू नये, मागे वळसा घालून गोल भिंत पाहावी. समोरचा मंडप नंतरचा आहे.