ऑफ-व्हाइट की नेव्ही ब्लू? खोलीचा रंग ठरवण्याआधी खिडकीकडे बघा

खोलीला रंग द्यायचा म्हटलं की घरात हमखास दोन गट पडतात. एकाला ऑफ-व्हाइट हवा असतो, तर दुसऱ्याने मोबाइलवर नेव्ही ब्लू भिंतीचा फोटो पाहिलेला असतो. पण त्या फोटोतली खिडकी तुमच्या घरात नसते. म्हणूनच रंग निवडताना आवडीइतकाच उजेडही महत्त्वाचा.

आकडा काय सांगतो?
रंग किती उजेड परत फेकतो, हे एलआरव्ही म्हणजेच लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यूवरून कळतं. हे माप 0 ते 100 असतं. ऑफ-व्हाइट शेड साधारण 75 ते 85 च्या घरात असतात, तर नेव्ही ब्लू बहुतेकदा 10 च्याही खाली. म्हणजे निळी भिंत जवळपास सगळा उजेड शोषून घेते. शेजारच्या इमारतीकडे उघडणारी एकच खिडकी असेल आणि चारही भिंती निळ्या केल्या, तर भरदुपारीही दिवा लावावा लागू शकतो.

डाग कशावर दिसतात?
दोन्हींवर! ऑफ-व्हाइटवर हाताचे ठसे आणि तेलकट डाग दिसतात. नेव्ही ब्लूवर धूळ, ओरखडे आणि ओल आल्यावर भिंतीतून बाहेर येणारे पांढरे क्षार उठून दिसतात. त्यामुळे ओल असेल तर आधी ती दुरुस्त करा.

खर्चाचं काय?
गडद निळ्यावरून पुन्हा ऑफ-व्हाइट द्यायचा तर प्रायमर आणि रंगाचे जादा हात लागतात. घर भाड्याचं असेल तर मालकाला आधी विचारा, नाहीतर घर सोडताना हा खर्च तुमच्या अंगावर येऊ शकतो.

दोन्ही हवे असतील तर?
खिडकीसमोरच्या भिंतीवर सर्वाधिक उजेड पडतो. ती आणि छत ऑफ-व्हाइट ठेवा, बाजूची एकच भिंत निळी करा.

आधी नमुना लावून बघा
शेड कार्डवरचा छोटा चौकोन फसवू शकतो. सॅम्पलचा लहान डबा आणून दोन बाय दोन फुटांवर दोन हात मारा आणि वाळू द्या. मग सकाळी, संध्याकाळी आणि रात्री दिव्याखाली बघा. 2,700 केल्विनच्या पिवळसर एलईडीत ऑफ-व्हाइट मलईसारखा, तर नेव्ही ब्लू काळपट वाटतो. 6,500 केल्विनच्या पांढऱ्या उजेडात निळेपणा जास्त जाणवतो.

रात्रीही तो रंग आवडला, तरच मोठा डबा आणा.